जपान, गारगोटीच्या अंगाला

कोल्हापुरातून जपान दक्षिणेला लागतं. अगदी नाकासमोर दक्षिणेला नाही, तिथून पश्चिमेकडं साधारण १९ अंश सरकून. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहायचं, गारगोटीकडं तोंड करायचं आणि मान मागं टाकून क्षितिजापासून ६९ अंश वर बघायचं. तिथं जपान. जर्मनी हुपरीच्या बाजूला, बरीच खाली. थायलंड निपाणीच्या वाटेवर. पाकिस्तान उत्तरेला कुठंतरी असणार असं कुणीही म्हणेल, पण त्यांचा पाकसॅट हा टीव्हीचा उपग्रह उभा आहे ३८ अंश पूर्व रेखांशावर, केनियाच्या डोक्यावर. आमच्याकडून बघितलं तर गगनबावड्याच्या अंगाला. भूगोलाच्या पेपरात असलं काही लिहिलं असतं तर गुरुजींनी भोपळा दिला असता, आणि वर दोन छड्या.

हा भूगोल आमच्या घरात शिरला तो आठ फुटी जाळीच्या डिशमुळं. तिला गल्लीत सगळे ‘छत्री’ म्हणतात. पावसात तिच्याखाली उभं राहिलं तर माणूस आहे तसा भिजतो, पण नाव पडलं ते पडलं.

टीव्हीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तेवढ्या उंचीवर एक फेरी मारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात पृथ्वी स्वतःभोवती एकदा फिरते. त्यामुळं खालून बघणाऱ्याला तो जागेवर खिळल्यासारखा वाटतो आणि डिश एकदा रोखली की रोखली. आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली एका वायरलेसच्या मासिकात ही कल्पना मांडली. पुढं ते श्रीलंकेत येऊन राहिले आणि १९७५ साली आपल्या इस्रोच्या मंडळींनी कोलंबोत त्यांच्या घरी जाऊन डिश बसवून दिली. मला ही गोष्ट फार आवडते. ज्यानं कागदावर मांडलं, त्याच्या घरी तीस वर्षांनी पाने-पक्कड घेऊन आपली माणसं गेली.

तर उपग्रह कुठल्या देशाचं काय दाखवतो याला दिशेच्या हिशोबात काही किंमत नाही. तो कुठल्या रेखांशावर उभा आहे एवढंच बघायचं. इंटेलसॅट २० हा ६८.५ अंशांवर, मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रावर. एशियासॅट ७ हा १०५.५ अंशांवर, सिंगापूरच्या जरा पूर्वेला. टोकियोत बोलणारी बाई आमच्याकडं येते ती मालदीवच्या समुद्रावरून, बर्लिनमधला बातमीदार येतो तो सुमात्राकडून.

पण यातलं काहीही कामाला येण्याआधी आणखी दोन आकडे लागतात, आणि ते आपले स्वतःचे असतात. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर, ७४.२ अंश पूर्व. जन्म गेला या गावात, रंकाळ्याच्या कट्ट्यावर उभी संध्याकाळ काढली, पण आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ते पहिल्यांदा या डिशनं विचारलं. दूरचं बघायचं तर आपली जागा अंशात ठाऊक हवी, तिथं ‘महाद्वार रोडच्या मागं’ असं सांगून भागत नाही.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळं कुठलाच उपग्रह आपल्या डोक्यावर येत नाही. सगळ्यांत उंच जो दिसेल तो ७० अंशांपर्यंत, आणि ही सगळी रांग दक्षिणेच्या अर्ध्या आभाळात. म्हणजे उत्तरेच्या शेजाऱ्यानं दहा मजले चढवले तरी माझं काही जात नाही. पूर्वेच्या, दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या शेजाऱ्यांशी मात्र मी पहिल्यापासून सलोखा ठेवून आहे. दिवाळीचा फराळ त्या तीन घरी आधी जातो.

डिश भंगारातली. २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं केबल डिजिटल झालं आणि गल्लोगल्लीच्या केबलवाल्यांचे स्वतःचे कंट्रोल रूम बंद पडले. सिग्नल मोठ्या केंद्रावरून फायबरनं यायला लागला. गच्च्यांवरच्या आठ-आठ, बारा-बारा फुटी जाळ्या रिकाम्या झाल्या, त्यांच्यावर कबुतरं बसायला लागली आणि मग त्या अ‍ॅल्युमिनियमच्या भावानं किलोवर गेल्या. आमच्या ओळखीचा एक केबलवाला आता फक्त इंटरनेटची जोडणी देतो. त्याच्याकडं मागितली तर म्हणाला, “ने की भावा. जागा तर मोकळी हुईल. म्हातारं रोज शिव्या घालतंय तिच्या नावानं.”

याच माणसाच्या थोरल्या भावानं नव्वदच्या दशकात खांबाखांबावरून काळी वायर ओढून आमच्या पेठेत जग आणलं होतं. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटलं तेव्हा सीएनएन दिसायचं ते मोठ्या शहरांतल्या पंचतारांकित हॉटेलांत. त्याच वर्षी स्टार टीव्ही सुरू झालं. बीबीसी, एमटीव्ही, प्राइम स्पोर्ट्‌स, स्टार प्लस. १९९२ च्या ऑक्टोबरात झी आलं. हे सगळं एकट्या एशियासॅट १ वरून, १०५.५ अंशांवरून. आज एशियासॅट ७ उभा आहे त्याच जागेवरून.

आणि हा एशियासॅट १ कोण होता? अमेरिकेचा वेस्टार ६. १९८४ च्या फेब्रुवारीत चॅलेंजर यानातून त्याला सोडलं, पण पुढं ढकलणारं इंजिन दगा देऊन गेलं आणि तो खालच्याच कक्षेत भलतीकडं फिरत बसला. नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी त्याला आणि पालापा नावाच्या दुसऱ्या एका उपग्रहाला हातांनी धरून यानात घातलं आणि जमिनीवर परत आणलं. डेल गार्डनर या अंतराळवीरानं तिथं वरच ‘विकणे आहे’ अशी पाटी धरून फोटो काढून घेतला. तो उपग्रह डागडुजी करून विकला गेला आणि १९९० च्या एप्रिलमध्ये चिनी रॉकेटवरून पुन्हा वर गेला, या वेळी एशियासॅट १ म्हणून. म्हणजे आपल्याकडं परदेशी वाहिन्या आल्या त्याच मुळी सेकंडहँड उपग्रहावरून. मी भंगारातली डिश आणली म्हणून नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना मी ही हकिगत सविस्तर सांगतो. पाहुणे लवकर उठतात.

भंगारातल्या डिशचा खरा प्रश्न तिचा आकार. जाळीचे तुकडे पाकळ्यांसारखे जोडून ती होते, आणि काढताना, टेम्पोत टाकताना एखादी पाकळी वाकतेच. डिशचं पोट पॅराबोला असतं. समोरून सरळ येणारा प्रत्येक किरण तिच्यावर आपटून एकाच बिंदूत जमतो. पोटच वाकडं झालं तर तो बिंदू पसरतो. ते तपासायची युक्ती बिनपैशाची आहे. डिशच्या काठावर समोरासमोर दोन दोरे ताणून बांधायचे, एकमेकांना काटकोनात. मध्यावर दोरे एकमेकांना जेमतेम टेकले तर डिश सरळ. फट राहिली किंवा एकानं दुसऱ्याला दाबलं तर कुठंतरी पीळ आहे.

आमच्यात बोटभर फट होती. डिश घेऊन उद्यमनगरात गेलो. शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं वर्कशॉप; ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांपासून उसाच्या चरकापर्यंत काहीही तिथं ओतून, कापून, कातून मिळतं. मिस्त्रींनी डिशभोवती एक फेरी मारली, दोऱ्याकडं एक डोळा मिटून बघितलं आणि लाकडी मोगरी उचलली. टक, टक, थांबून बघायचं, पुन्हा टक. घण घालणारे हात किती हळू चालू शकतात ते तिथं बघावं. दोरे टेकले तेव्हा त्यांनी विचारलं, “आता ती डबी किती लांब धरायची?”

डबी म्हणजे एलएनबी, जमलेला सिग्नल पकडणारी. ती त्या बिंदूवर बसवायची. बिंदूचं अंतर काढायला सूत्र आहे: रुंदीचा वर्ग भागिले खोलीची सोळा पट. आमची डिश ९६ इंच रुंद, मधोमध १६ इंच खोल. ९६ गुणिले ९६ म्हणजे ९,२१६. त्याला २५६ नं भागलं की नेमके ३६. मी वहीवर मांडत होतो तोवर मिस्त्रींनी पट्टीवर छत्तीसवर नख ठेवलं होतं. कसं काढलं विचारलं तर म्हणाले, “पूर्वी केबलवाल्यांच्या लई केल्यात. ह्या मापाच्या छत्रीला तीन फूटच येतंय.”

खांब तीन इंची जीआय पाइपचा. खांबाचं शास्त्र एकच, ओळंबा. तो सगळ्या बाजूंनी उभा सरळ असेल तर डिश फिरवताना फक्त दिशा बदलते. तो तसूभर जरी कलला तर दिशा बदलताना उंचीही बदलत जाते आणि मग माणूस आभाळभर चाचपडत बसतो. स्लॅबला भोकं पाडायची नाहीत ही आईची अट होती, आणि कोल्हापूरच्या पावसात ती रास्तच. म्हणून पाइपाच्या बुडाला चौकोनी प्लेट वेल्ड करून, साचा लावून काँक्रीटचा ठोकळा ओतला आणि तो तुळईच्या वर बसवला. ठोकळा सुकेपर्यंत आईनं डिशमध्ये कुरडया वाळवून घेतल्या. जाळीतून वारं खेळत असल्यामुळं त्या खाटेपेक्षा लवकर वाळल्या, हेही इथं नोंदवून ठेवतो.

एलएनबी ही दिसायला क्षुल्लक, पण निम्मं काम तीच करते. छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेला सिग्नल इतका अशक्त असतो की तसाच केबलमध्ये सोडला तर गच्चीवरून दिवाणखान्यात येईपर्यंत संपेल. त्यात आमच्या डिशवर येणाऱ्या, सी बँड म्हणतात त्या पट्ट्यातल्या लहरी चार गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, आणि साध्या केबलला तेवढी वारंवारता झेपत नाही. म्हणून एलएनबी आधी सिग्नल वाढवते, मग आपल्या पोटातल्या ५१५० मेगाहर्ट्‌झच्या आकड्यातून आलेला आकडा वजा करते. वरून ३७६० आला तर केबलमधून १३९० खाली जातो, आणि तेवढा रिसिव्हरला चालतो. उलट दिशेनं त्याच केबलमधून रिसिव्हर तिला वीज पाठवतो: १३ व्होल्ट पाठवले तर ती उभ्या लहरी घेते, १८ पाठवले तर आडव्या. एका तारेत वर वीज, खाली चित्र आणि व्होल्टेजमध्येच हुकूम. असं काही बघितलं की ज्यानं हे पहिल्यांदा जुळवलं त्याला राजाभाऊंची भेळ खाऊ घालावीशी वाटते.

डिश रोखणं हे दोन माणसांचं काम. एक गच्चीवर, एक टीव्हीपुढं. आमच्याकडं टीव्हीपुढं पुतण्या होता, फोन स्पीकरवर टाकून.

“काय आलं काय रं?”

“स्ट्रेंथ हाय, क्वालिटी न्हाई.”

हे वाक्य डिश लावणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. रिसिव्हरवर दोन पट्ट्या असतात. नवखा माणूस स्ट्रेंथची पट्टी भरलेली बघून खूश होतो. पण एलएनबी जोडली की नुसत्या गोंगाटानंही ती पट्टी भरते. डिश भिंतीकडं तोंड करून ठेवली तरी भरेल. क्वालिटीची पट्टी तेवढी खरं बोलते. जुन्या अ‍ॅनालॉग काळात हे सोपं होतं. उपग्रहाच्या जवळपास गेलं की मुंग्यांतून चित्राची सावली दिसायची, मुंग्या कमी कमी होत जायच्या. डिजिटलमध्ये मधली पायरीच नाही. शून्य, शून्य, शून्य, आणि एकदम सगळं. आठ फुटी डिशला सी बँडमध्ये दोन अंशांइतकीच नजर असते. ती खांबावर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकली की तो उपग्रह गेला आणि पुढचा आला.

“जरा डावीकडं घेतो. बघ.”

“न्हाई.”

“आता?”

“न्हाई. थांब थांब! बारा. बारा आलं. गेलं की रं!”

मग वरचा बोल्ट अर्धा आटा सैल करायचा, डिशच्या पाठीला खांदा लावायचा आणि श्वास सोडत ढकलायचं. बारा, एकवीस, चौतीस. तिथं थांबून एलएनबी तिच्या कडीत पंधरा-वीस अंश फिरवायची, कारण वरून येणाऱ्या लहरी आपल्याकडं पोचेपर्यंत आपल्या क्षितिजाशी तिरक्या झालेल्या असतात. बावन्न. मग ब्लाइंड स्कॅन, म्हणजे रिसिव्हरनं आपणहून वाहिन्या हुडकायच्या. खाली पुतण्या मोठ्यानं नावं वाचायला लागला आणि मध्येच थांबला.

“काका, खाली या. कोणतरी दांडगी माणसं हाईत. लंगोट लावून.”

जपानच्या एनएचके वर्ल्डवर सुमो चालू होतं.

आता कोल्हापुरात कुणाच्या घरी टीव्हीवर लंगोट लावलेली माणसं झटताहेत ही बातमी गल्लीत राहत नाही. शेजारच्या तालमीचे वस्ताद, वय ऐंशीच्या घरातलं, काठी टेकत जिना चढून आले. त्यांना खुर्ची दिली. त्यांनी बराच वेळ काही न बोलता बघितलं. दोन मल्ल समोरासमोर बसतात, उठतात, जाऊन मीठ उधळतात, परत बसतात. वस्तादांचा पहिला प्रश्न, “मीठ कशाला?”

मी सांगितलं, मैदान शुद्ध करायला.

“आमच्या मातीत हळद, लिंबू, ताक, कापूर पडतोय. त्यांच्यात मीठ. जखमंला दोन्ही झोंबणार.”

मग झट झाली आणि तीन सेकंदांत एक जण कड्याबाहेर. पंचानं हात दाखवला. वस्ताद खवळले. “पाय भाईर गेला म्हणून हरला? पाठ कुठं लागली? ही काय कुस्ती म्हणायची!” सुमोचं कडं साडेचार मीटरच्या जरा वर असतं. त्याबाहेर पाऊल पडलं, किंवा पायाच्या तळव्याशिवाय अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला की खेळ खलास. चितपट बघत वाढलेल्या माणसाला हे पचणं कठीणच. पण चौथ्या-पाचव्या लढतीत एका मल्लानं समोरच्याच्या पायात आतून पाय घालून त्याला आडवा केला आणि वस्ताद खुर्चीतून अर्धे उठले. “आतली टांग! आतली टांग लावली की रं त्यानं!” टीव्हीवर त्या डावाचं जपानी नाव आलं. वस्तादांनी तिकडं लक्ष दिलं नाही, त्यांनी ओळखलं होतं.

सुमोत जिंकायचे मान्य डाव ८२. मोठ्या स्पर्धा वर्षात सहा, एकाआड एक महिन्यात, जानेवारीपासून. प्रत्येक पंधरा दिवसांची. हे सगळं आता वस्तादांना पाठ आहे. मार्चची ओसाकात असते हेसुद्धा तेच मला सांगतात.

बाकीच्या वाहिन्यांचं एवढं कौतुक नाही. थायलंडच्या उपग्रहावर रात्रंदिवस ताईत, तेलं आणि भांडी विकणारे लोक ओरडत असतात. काही ठिकाणी एक भिक्खू तासभर बोलतो, कॅमेरा हलत नाही. जर्मनीच्या डॉयचे वेलेवर चांगले माहितीपट लागतात. कुठल्या कुठल्या प्रांतातल्या पुलाचं उद्‌घाटन, तिथल्या मंत्र्याचं भाषण, आणि मग हवामान, ज्याच्या नकाशात भारताचा एखादा कोपराच पडद्यावर मावतो. मला मजा वाटते ती याचीच. हे कार्यक्रम माझ्यासाठी केलेले नाहीत. मला काय आवडतं याचा तिथं कुणी हिशोब ठेवलेला नाही, कुणी मला गिऱ्हाईक समजत नाही. फोन उघडला की तो माझ्या आवडीचं ताट वाढून उभा असतो, आणि कालचंच वाढतो. इथं मी दुसऱ्यांच्या ओसरीवर कडेला बसलेला माणूस. भाषा कळत नाही, पण पुलाचं उद्‌घाटन कुठंही पुलाचं उद्‌घाटन असतं. फीत तीच, कात्री तीच, मंत्र्यामागं वाकून कॅमेऱ्यात येणारा कार्यकर्ताही तोच.

ज्याला एवढा उपद्‌व्याप नको त्यानं डीडी फ्री डिशपासून सुरुवात करावी. जीसॅट १५, ९३.५ अंश, कोल्हापुरातून आग्नेयेला, ६० अंश वर. दोन फुटी छोटी डिश पुरते, महिन्याचं भाडं नाही. २००४ पासून ही सोय आहे. मात्र ती केयू बँडची. त्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि पावसाचे मोठे थेंब त्यांची शक्ती शोषतात, पसरवतात. जुलैत गगनबावड्याकडून काळं भरून आलं की गल्लीतल्या सगळ्या छोट्या डिशी एका दमात ‘नो सिग्नल’ दाखवतात. सी बँडची लहर साडेसात सेंटिमीटरची, तिला थेंबांचं फारसं सोयरसुतक नसतं. म्हणूनच तिला जाळी चालते, भोकं लहरीच्या मानानं बारीक असली की झालं, आणि म्हणूनच ती डिश एवढी मोठी. धो धो पावसात शेजारच्या काकू मालिकेसाठी आमच्याकडं येतात आणि मालिका नसून कोरियन बातम्या आहेत हे बघून तशाच परत जातात. लाइट गेली की दोन्ही बँड सारखेच.

पावसाला न डगमगणारी ही डिश वर्षातून दोनदा उन्हाला मात्र हार जाते. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या तोंडावर काही दिवस सूर्य आपल्या वाटेनं जाताना बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. डिशला दोघे एकाच रेषेत दिसतात आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटापुढं त्या बिचाऱ्या उपग्रहाचं काही चालत नाही. ६८.५ अंशांसाठी कोल्हापुरात ही वेळ मार्चमध्ये दुपारी एकनंतरची. काही मिनिटं चित्राच्या चिंध्या होतात, मग आपोआप सगळं जागेवर येतं. आणि मार्चमध्येच ओसाकाची स्पर्धा. ऐन झटापटीत पडदा फुटला की वस्ताद माझ्याकडं अशा नजरेनं बघतात की सूर्य मीच आडवा घातला.

त्या वेळी मी गच्चीवर पळतो. डिश बरोबर रोखलेली आहे की नाही हे तपासायची वर्षातली सगळ्यांत चांगली वेळ तीच. सूर्य उपग्रहाच्या रेषेत असताना एलएनबीची सावली डिशच्या बरोबर मध्यावर पडायला हवी. मध्याच्या बोल्टभोवती मी खडूनं वर्तुळ काढून ठेवलंय. सावली त्या वर्तुळात शिरते, थोडी रेंगाळते, पलीकडून निघून जाते. एखाद्या वर्षी ती चार बोटं बाजूनं गेली तर समजायचं, पावसाळ्यातल्या वाऱ्यानं डिश हलली आहे. मग पाना घ्यायचा. सॅट फाइंडरची पिपाणी विकत मिळते, फोनवर होकायंत्र असतं, पण ते होकायंत्र लोखंडी खांबापाशी नेलं की कुठंही तोंड करतं. सावली तसं करत नाही.

हल्ली नवी कटकट आली ती फाइव्ह-जीची. २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोबाइल कंपन्यांना गेला. सी बँड लागूनच ३७०० पासून. कागदावर मध्ये जागा सोडलेली आहे, पण जुन्या एलएनबी ३४०० पासून सगळं ऐकतात. त्यांना काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळत नाही. जवळ टॉवर उभा राहिला की छत्तीस हजार किलोमीटरवरची कुजबुज आणि तीनशे मीटरवरचा भोंगा एकदम कानात. आमच्याकडं एके दिवशी निम्म्या वाहिन्या गेल्या. आता फक्त ३७०० ते ४२०० एवढंच आत सोडणारी फिल्टरची एलएनबी मिळते, ती लावल्यावर बहुतेक परत आल्या. पण जगाचा कल दिसतोच. आभाळातली ही पट्टी आक्रसत चालली आहे, उपग्रहवाले प्रसारण सोडून इंटरनेटच्या मागं लागलेत, एकेक वाहिनी न सांगता डिशवरून उतरते आणि फक्त अ‍ॅपवर उरते.

पुतण्या म्हणतोच, काका, एनएचके फोनवर फुकट दिसतं की. दिसतं. चांगलं स्वच्छ दिसतं, पावसात, उन्हात, मार्चमध्येही. मी त्याच्याशी वाद घालत नाही. त्याच्या फोनला जपान कुठं आहे ते ठाऊक असायची गरज नाही, आणि त्यालाही नाही. मला ती राहिली आहे, एवढाच फरक. कुणी रशियाचं नाव काढलं तरी माझी मान आधी दक्षिणेला वळते.

वस्तादांना या तंट्यात रस नाही. मागच्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ संपल्यावर त्यांनी विचारलं, “त्यांची आपल्याला दिसती. आपली खासबागची त्यास्नी दिसती काय?”

मी म्हटलं, नाही. आमची डिश नुसती घेते. वर पाठवायचं तर भूकेंद्र लागतं, दिल्लीहून मंत्रालयाचा परवाना लागतो, उपग्रहावरच्या जागेचं भाडं लागतं. ते भाडं तालमीला काय, साखर कारखान्यालाही जड जाईल.

“मग त्यातल्या दोघास्नी हिकडंच बोलवा. ऱ्हाण्या-जेवणाचं तालीम बघंल.”

ही सूचना त्यांनी दुसऱ्या दिवशी तालमीत मांडली आणि ती मनावर घेतली गेली आहे. खुराकाचा हिशोब झाला. दूध-बदाम की भात-मासे यावर फार ताणलं नाही. मैदानाला मीठ घालायला माती बनवणाऱ्यांनी साफ नकार दिला. त्यावर तोड निघेल. गाडी अडली आहे ती जोड लावण्यावर. सुमोत वजनगट नसतो आणि टीव्हीवर दिसलेला गडी दीडशे किलोच्या पुढचा. त्याच्याशी कुणाची जोड लावायची यावर संध्याकाळी जोर-बैठका झाल्यावर अजून खल चालू असतो.